आलूत उतरलेली साखर

रविवारी सकाळी नऊ वाजता उदगीरच्या देगलूर रस्त्यावरच्या त्या मंगल कार्यालयात चप्पल काढायला जागा उरली नव्हती. ऐन लग्नसराईतही इथे इतकी गर्दी होत नाही. लग्नाला लोक निदान जेवायच्या आशेने येतात. आज आलेले बहुतेक जण उपाशीपोटी होते. कुणाच्या काखेत रिपोर्टांची फाईल, कुणाच्या पिशवीत औषधांचा डबा. स्टेजवर, जिथे एरवी नवरानवरीच्या खुर्च्या असतात, तिथे भगव्या जाड कापडाच्या एकवीस पिशव्या ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येक पिशवी गुडघ्याएवढी उंच, तोंडापर्यंत मातीने भरलेली, आणि प्रत्येकीत बटाट्याचं एक हिरवं रोप.

"आलूच हाय ना ते?" मागून कुणीतरी विचारलं.

"आलू म्हणू नका. कंद म्हणा. महाराज रागावतात."

महाराजांचं नाव कंदेश्वर. मागच्या दोन महिन्यांत उदगीरने त्यांना प्रेमाने आलूबाबा करून टाकलं होतं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगावर इस्त्रीची कफनी, गळ्यात कॉलर माइक.

"साखर येते कुठून?" महाराजांनी विचारलं. "उसातून. ऊस येतो कुठून? मातीतून. मग मातीचं मातीला परत करायचं, एवढं सोपं गणित हाय. डॉक्टर काय करतात? सुई टोचून साखर तुमच्याच अंगात दाबून ठेवतात. मी जिथली तिथं पाठवतो. ही पिशवी न्हाई, माझी झोळी हाय. तिच्यातला कंद साखर पिऊन टाकतो."

तिसऱ्या रांगेत बसलेल्या ऋतुजाने डोळे मिटून घेतले. ती वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, गावातल्याच महाविद्यालयात तासिकेवर शिकवणारी. बटाटा साखर पितो हे वाक्य एखाद्या विद्यार्थ्याने पेपरात लिहिलं असतं, तर तिने लाल शाईने कापलं असतं. इथे चारशे माणसं माना डोलवत होती. त्यातली एक मान तिच्या आईची होती.

पहिला मान निलंग्याहून आलेल्या एका निवृत्त कंडक्टरचा. महाराजांनी त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

"झोळीला नैवेद्य. हातानं चुरगाळून रोपाच्या बुडाशी सोडा. पाचही बोटं लागली पाहिजेत. देवाला चमच्यानं वाढत न्हाईत."

कंडक्टरांनी गूळ चुरगाळला. एका सेविकेने कोरड्या कापसाने त्यांचं बोट पुसलं, टोचलं, आणि थेंब शुगरच्या मशीनला लावला. मागच्या पडद्यावर आकडा उमटला: ४१८. सभागृह हळहळलं. मग त्यांनी पिशवीच्या बुडाजवळची झडप उघडून आत हात घातला, एक बटाटा मुठीत धरला आणि एकशे आठ वेळा नाव घेतलं. बटाट्यासकट हात बाहेर आला तो मातीने माखलेला. सेविकेने तांब्याच्या घंगाळातल्या कोमट तीर्थाने तो चोळून धुतला, पंच्याने पुसला, पुन्हा टोचला. १७१.

"हर हर महादेव," सगळं कार्यालय म्हणालं.

महाराजांनी तो बटाटा कापून कंडक्टरांच्या बायकोला आणि मुलाला चकत्या दिल्या. "तुम्ही खाऊ नका बरं. तुमचीच साखर तुमच्यात परत जायची."

बायकोने चकती चावली आणि तिचे डोळे मोठे झाले. "अवो, गोड हाय. कच्चा आलू गोड हाय."

आठवा नंबर गौरम्माचा, म्हणजे ऋतुजाच्या आईचा; ऋतुजा तिला अव्वा म्हणायची. आधी ४०२, नंतर १८८. स्टेजवरून उतरताना अव्वाचा चेहरा असा खुलला होता, जसा इन्सुलिनच्या सुया सुरू झाल्यापासूनच्या अकरा वर्षांत ऋतुजाने पाहिला नव्हता. बटाट्याची चकती ऋतुजाच्या हातात आली. ती खरंच गोड होती. आणि जानेवारीच्या सकाळच्या मानानेही फार गार होती.

घरी येताना रिक्षात अव्वाच्या मांडीवर एक भगवी पिशवी होती.

"आता सुई बंद," अव्वा म्हणाली.

*

पुढचे पाच दिवस ऋतुजाने जे जे केलं, ते सगळं वाया गेलं.

गच्चीवर तिच्या स्वतःच्या सहा कापडी पिशव्या होत्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिने त्यांत डोळे फुटलेल्या बटाट्याचे तुकडे लावले होते. प्लास्टिकच्या कुंडीत मुळं भिंतीला धडकून गोल गोल फिरत राहतात. कापडातून हवा लागते, जास्तीचं पाणी निथळतं, म्हणून कापड. रोप जसं वाढेल तशी वरून माती चढवायची, कारण बटाटे मातीत गाडलेल्या खोडाला फुटलेल्या दोऱ्यांच्या टोकाला धरतात. अव्वाने आणलेली भगवी पिशवी त्यांच्या शेजारी ठेवल्यावर ती सातवी बहीणच वाटत होती.

ऋतुजाने आपल्या पिशवीतली माती बाजूला केली. पांढऱ्या दोरीला लोंबणारे, नखाने साल निघेल असे कोवळे बटाटे दाखवले. मग भगव्या पिशवीची झडप उघडली. आत चार बटाटे निघाले. जाड सालीचे, सुटे. एकालाही दोरी नाही.

"अव्वा, हे रोप वीस दिवसांचंपण नाही. ह्याला एवढे बटाटे लागूच शकत नाहीत. बाहेरून घातलेत."

"तू देवाच्या झोळीची झडती घेतलीस?"

"वीस दिवसांत बटाटा येत नाही, अव्वा."

"म्हणूनच तर चमत्कार म्हणतात त्याला."

शेजारच्या उमाबाई कठड्यापलीकडून ऐकत होत्या. त्यांनीही एक पिशवी आणली होती. "एवढी शिकली पोरगी, आन् गच्चीवर स्वतः आलूच लावून राहिली," त्या म्हणाल्या. "महाराजांनी पिशवीत लावला की थोतांड, आन् तू लावलास की सायन्स व्हय?"

रोज सकाळी अंघोळ झाल्यावर, इष्टलिंगाच्या पूजेला बसण्याआधी, अव्वा शुगर मोजू द्यायची. तेवढी एक सवय तिने मोडली नव्हती. सोमवारी २९६. मंगळवारी ३४०. बुधवारी ३६१. अव्वा तांबेच्या तांबे पाणी पीत होती, रात्रीतून चारदा उठत होती, आणि डाव्या अंगठ्याजवळची साधी खरचट ओलसर दिसायला लागली होती.

"तुझं मशीन बिघडलंय काय की. त्यांच्या मशीनमधी एकशे अठ्ठ्याऐंशी आलती."

"एकाच कंपनीचं आहे, अव्वा. तेच मॉडेल."

"मग त्यांच्यात खरं अन् तुझ्यात खोटं कसं?"

नेमका हाच प्रश्न ऋतुजाला झोपू देत नव्हता. अव्वाचा प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होता. तिने वडिलांना सांगून पाहिलं. सिद्धराम आडत दुकानातून दमून आलेले. "ती किती वर्षांनी हसून राहिली, बघितलंस का?" एवढंच म्हणाले आणि जेवायला बसले.

गुरुवारी ती अव्वावर ओरडली. ओरडायचं नाही असं ठरवून ओरडली. सगळे धोके घडाघडा सांगितले: डोळे, मूत्रपिंड, पायाची बोटं. अव्वाने ऐकून घेतलं. मग लुगडं जरासं बाजूला करून पोट दाखवलं. सुयांनी निळंकाळं, जागोजागी गाठी धरलेलं.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "दिवसातून दोनदा. तू रोज इचारतीस आकडा किती आला. कशी हायस म्हणून कधी इचारलंस? त्या माणसानं पहिलं तेच इचारलं."

महाराजांचा ऋतुजाला राग होताच. आता तो दुप्पट झाला, कारण त्याला जे सुचलं ते तिला सुचलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ती संक्रांतीच्या तिळगुळासाठी गूळ फोडत बसली होती. अव्वाची शुगर ३९७ आली होती, आणि अव्वा चौथ्यांदा मशीनला नावं ठेवत होती. वैतागून ऋतुजाने साडीच्या चिंधीला बोट पुसलं आणि स्वतःलाच टोचलं. "हे बघ, माझी मोजते. नव्वदच्या आसपास आली, तर मशीन बरोबर."

३१२.

"बघ," अव्वा म्हणाली. "तुझं मशीन तर तुलाच शुगर हाय म्हणायलंय."

ऋतुजाने आकडा पुन्हा वाचला. सव्वीस वर्षांचं वय, आईला मधुमेह. अशक्य काही नव्हतं. पण दोन महिन्यांपूर्वीच महाविद्यालयाच्या शिबिरात तिची तपासणी झाली होती, तेव्हा ८९ होती. तिने बोटाकडे पाहिलं. बोट चकाकत होतं. ते जिभेला लावलं. गोड.

ती उठली, साबणाने हात धुतले, कोरडे केले आणि दुसरं बोट टोचलं. ९२.

पुन्हा गूळ चुरगाळला, हात चिंधीला पुसला. ३४५. धुतला. ९४. पुन्हा. २८८. पुन्हा धुतला. ९१. कॅलेंडरच्या पाठीमागे दोन रकाने आखून तिने सहाही आकडे लिहिले, आणि मग चुलीपाशी उभी राहून एकटीच हसली. इतकं साधं. मशीन रक्तातली साखर मोजतं आणि बोटावरचीही मोजतं. थेंबात कुठली साखर मिसळली हे त्याला कळत नाही. घरी अव्वा अंघोळीनंतर, पूजेसाठी स्वच्छ केलेल्या हाताने मोजत होती, म्हणून घरचा आकडा खरा. कार्यालयात आधी नैवेद्याचा गूळ, मग माती. आणि हात मातीने भरल्यावर तो धुणारच; त्यात कुणाला काय वावगं दिसणार?

"अव्वा, ये ना. बघ जरा."

"मी न्हाई बघत," अव्वा म्हणाली आणि उमाबाईंकडे निघून गेली.

*

रविवारी पुन्हा तेच कार्यालय, तीच गर्दी, त्याच पिशव्या. सुई बंद होऊन सातवा दिवस. अव्वाला जिना चढताना धाप लागत होती. तिला वाटत होतं, आज पुन्हा झोळीत हात घातला की बरं वाटेल.

पहिला नंबर पुकारायच्या आत ऋतुजा स्टेजवर चढली.

"महाराज, एक विनंती आहे. आज पहिला मान वीरभद्र आप्पांना द्या."

वीरभद्र आप्पा कार्यालयाचे मालक. साठीतले, धिप्पाड, महाराजांच्या पायाशी बसणारे. गावात त्यांची एकच फुशारकी होती: दवाखान्याची पायरी चढलो नाही. ते हसले. "मला कशाला? मला काही रोग न्हाई. परवाच पोरानं मुंबईहून येऊन घरीच सगळं तपासून घेतलंय."

"म्हणूनच, आप्पा. नैवेद्य तर द्याल?"

नैवेद्याला नाही कसं म्हणणार? आप्पांनी गूळ चुरगाळला. सेविकेने महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी नकाराची मान हलवायच्या आत समोरून आवाज आला, "घ्या की, आप्पांची बी घ्या." बोट टोचलं गेलं. पडद्यावर ३९७.

आप्पांचा चेहरा पांढरा पडला.

आता लोकांना कळेल, ऋतुजाला वाटलं. पण महाराज एका श्वासात सावरले. "रोग लपून बसला होता. आज झोळीनं उघडा पाडला. आप्पा, तुमचं नशीब थोर, म्हणून या पोरीच्या तोंडून देव बोलला."

"हर हर महादेव," चारशे जण म्हणाले. काहींनी ऋतुजालाच हात जोडले.

तिला रडू यायचं बाकी राहिलं. एका आठवड्याचं डोकं फोडून काढलेलं उत्तर, आणि या माणसाने त्याचा चमत्कार करून दाखवला. ती आप्पांकडे वळली.

"आप्पा, घाबरू नका. ह्या जारमधलं पाणी तुमचंच ना? पिण्याचं?" तिने तिथल्या पाण्याच्या जारखाली आप्पांचा हात धरला, खिशातला साबण लावला, धुतला, रुमालाने कोरडा केला. "आता झोळी नाही, बटाटा नाही, मंत्र नाही. ताई, टोचा."

१०२.

"माझी दृष्टी पडली पाण्यावर," महाराज म्हणाले.

"बरं. मग दृष्टी तशीच राहू द्या. आप्पा, पुन्हा गूळ चुरगाळा."

३६६.

"पुन्हा धुवा."

९९.

"पुन्हा गूळ."

आता कुणी हर हर महादेव म्हणत नव्हतं. पुढच्या रांगेतले लोक उठून स्टेजच्या कडेला आले होते. या तिसऱ्या वेळी आप्पांनी स्वतःच सेविकेच्या हातातून मशीन घेतलं, गुळाचं बोट डोळ्यांसमोर धरलं आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

"म्हणजे ही माझी साखर नव्हती," ते म्हणाले. "गुळाची होती."

"गुळाची. हात धुतला की गेली. पहिला आकडा खोटा वाढवायचा, दुसरा खरा दाखवायचा. मधल्या बटाट्याचं काही काम नाही. ज्यांना शुगर आहे, त्यांची तर हात धुतल्यावरही दीडशे-दोनशे येतच होती. ती आहे तशीच होती, कमी झाली नव्हती."

पहिल्या रांगेतून निलंग्याचे कंडक्टर उभे राहिले. आवाजात राग होता, आणि तो ऋतुजावर होता. "मग आलू गोड कसा झाला, सांगा ना. माझ्या घरच्यांनी खाल्लाय. तिकीट फाडून आयुष्य गेलं माझं, मला खोटं वळखू येतं."

"काका, बटाट्यात पीठ असतं, स्टार्च. दोन-तीन आठवडे फार गार जागी ठेवला की तो स्वतःच त्यातल्या थोड्या पिठाची साखर करतो. फ्रिजमधल्या बटाट्याचे काप तळून बघा, काळपट पडतात, ते ह्यामुळेच. गोडी खरी आहे. पण ती बटाट्याची आहे, तुमची नाही."

"अन् गार जागी ठेवला कुणी?"

ऋतुजाकडे याचा पुरावा नव्हता. ती तसं सांगणारच होती, तेवढ्यात वीरभद्र आप्पा खाली बघत म्हणाले, "मी."

सगळे त्यांच्याकडे वळले.

"लग्नाची भाजी ठेवायची आपली थंड खोली हाय ना मागं. तिथं तीन गोण्या ठेवायला लावल्या होत्या. तीन हप्ते झाले. आलू तपाला बसलेत म्हणले, दार उघडू नका." आप्पांनी महाराजांकडे पाहिलं. "मी बाहेरून रोज पाया पडून राहिलो त्यांच्या."

कुणीतरी खुदकन हसलं, आणि ते हसणं रांगेरांगेने मागे गेलं. महाराजांनी माइक तोंडाजवळ घेतला. "परीक्षा घेणाऱ्यांपुढं शक्ती काम करत न्हाई," एवढं म्हणून त्यांनी मौन जाहीर केलं आणि जेवणाच्या हॉलच्या दारातून निघून गेले. त्यांची गाडी बाहेर पडलेली ऐकू आली, तेव्हाही दाराशी दोघंतिघं पिशवी मिळेल का म्हणून विचारत उभे होते. एक बाई ऋतुजाला म्हणाली, "तुमचं खरं असंल, पण मला तर बरं वाटलं होतं ना."

तिने गर्दीत अव्वाला शोधलं. खुर्ची रिकामी होती. मग ती दिसली: हात धुवायच्या बेसिनपाशी, पाठमोरी. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, पूजेला बसण्याआधी धुते तसे ती हात धूत होती. पदराला न पुसता तिने ते हवेत वाळवले, भिंतीचा आधार घेत स्टेजपर्यंत आली आणि बोट पुढे केलं.

"मोज."

४३८.

अव्वाने आकडा पाहिला. ऋतुजाने आकड्याचं नाव काढलं नाही. "कसं वाटतंय तुला?" तिने विचारलं.

"तहान लागून राहिली," अव्वा म्हणाली. "पाय लई दुखतोय. चल दवाखान्यात."

*

लातूरच्या दवाखान्यात अव्वा सहा दिवस होती. डॉक्टर मंजुषा यांनी जखम उघडून साफ केली. आणखी चार दिवस गेले असते, तर अंगठा काढावा लागला असता, असं त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. सुईची जागा रोज बदलायची असते आणि त्याच त्या जागी टोचलं की गाठी होतात, हे अकरा वर्षांत अव्वाला कुणी नीट दाखवलं नव्हतं. ते त्यांनी पोटावर पेनाने खुणा करून दाखवलं. शहाण्या माणसांनी एवढं आधी केलं असतं, तर आलूबाबाला गिऱ्हाईक कमी मिळालं असतं, असं ऋतुजाच्या मनात आलं. त्या शहाण्यांत तिने स्वतःलाही धरलं.

पाचव्या दिवशी उमाबाई भेटायला आल्या. ख्यालीखुशाली झाल्यावर त्या खाटेजवळ सरकल्या.

"ते बाबा आता हिमायतनगरकडं गेलेत म्हणे. तिकडं पिशवीत हळद लावून राहिलेत. सांधे बरे व्हतेत म्हणं हळदीच्या पिशवीनं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ऋतुजा, माझी पिशवी तशीच पडलीय. फेकली तर काही व्हईल का? ठेवली तर काही व्हईल का?"

ऋतुजाला चिडायचं होतं. पण उमाबाई खरोखर विचारत होत्या, आणि खरा प्रश्न विचारणाऱ्या माणसावर चिडून कुणाचं भलं होत नाही, एवढं ती या पंधरवड्यात शिकली होती.

"काही होणार नाही, काकू. कापड चांगलं आहे, ठेवा. आतले बटाटे काढून टाका. पुढच्या थंडीत डोळे फुटलेला तुकडा लावा, पाणी घाला, माती चढवत जा. नव्वद दिवसांनी एका पिशवीत किलोभर निघाले तरी खूप. त्याची भाजी होईल, दुसरं काही होणार नाही. आणि कुणी तुमचा आजार मोजून दाखवला, तर आधी हात धुवा आणि म्हणा, पुन्हा मोजा. खरं असेल, तर पुन्हा तेच येईल. मोजू देत नसेल, तर उठून घरी या. काहीही झालं तरी डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी सोडू नका."

"मी बी सोडलीय," उमाबाई म्हणाल्या. "बीपीची. बारा दिवस झाले."

अव्वा उशीवरून उठून बसली. "डॉक्टरीणबाई अजून खाली असतील," ती ऋतुजाला म्हणाली. "हिला घेऊन जा."